खरं लिहू का चांगलं लिहू?

परवा जिल्ह्यातल्या एका खेड्यावरच्या शाळेत गेलो होतो. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पोस्ट त्या एका शाळेबद्दल नाही, आणि नाव लिहिलं की दुसऱ्याच दिवशी तिथल्या सरांना फोन सुरू होतात, हे वीस-बावीस वर्षांच्या पत्रकारितेत पुरतं कळून चुकलंय.

निमित्त वृक्षारोपणाचं होतं. जुलै म्हणजे आमच्या धंद्यात वृक्षारोपणाचा हंगाम. दिवसाला पाच-सहा प्रेसनोट येतात, सगळ्यांसोबत फोटो. फोटोत एक रोप, त्याला धरलेले दहा-बारा हात आणि कॅमेऱ्याकडे पाहणारे चेहरे. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून वर्गात जाऊन बसलो. दहावीच्या पाच मुली-मुलांचा एक गट खाली सतरंजीवर बसून प्रकल्पवही लिहीत होता. मागच्या वर्षी नववीत असताना केलेला प्रकल्प यंदा तालुक्याच्या प्रदर्शनात पाठवायचा, म्हणून जुनी वही पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवणं चाललं होतं.

त्यातली एक मुलगी 'अनुभव व निष्कर्ष' या पानावर अडली होती. पेन हातात, पान कोरं. मी पत्रकार आहे हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. मला म्हणाली,

"सर, इथं खरं लिहू का चांगलं लिहू?"

मी हसलो. म्हटलं, दोन्ही एकच असतं ना? ती म्हणाली, "नाही सर, आमचं येगयेगळं हाय."

चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी प्रकल्प काय होता ते सांगतो.

आपल्याकडे 2020-21 पासून नववीला 'जलसुरक्षा' नावाचा विषय आला, पुढच्या वर्षी दहावीलाही आला. बालभारतीचं त्याचं वेगळं पुस्तक आहे. श्रेणीचा विषय. म्हणजे टक्केवारीत धरत नाहीत, म्हणून पालक विचारत नाहीत, आणि पालक विचारत नाहीत म्हणून बऱ्याच ठिकाणी तो तास गणिताला जातो. पण या शाळेतल्या सरांनी तो मनावर घेतला होता, हे आधीच सांगतो. पुढे जे लिहिणार आहे त्यात त्या सरांवर राग नाही.

गटानं तीन कामं केली होती. शाळेच्या गळक्या नळातून किती पाणी वाया जातं ते मोजलं. हात धुण्याच्या जागेजवळ शोषखड्डा खोदला. आणि शाळेच्या आवारात व रस्त्याच्या कडेनं चाळीस रोपं लावली. वहीत सगळं होतं. तक्ते, आकृत्या, निळ्या शाईत नदी, हिरव्या शाईत झाड. पहिल्या पानावर 'पाणी अडवा, पाणी जिरवा'.

आता 'चांगलं' काय आणि 'खरं' काय ते ऐका.

वहीत चांगलं असं होतं: एक लिटरची बाटली नळाखाली धरली, ती वीस मिनिटांत भरली. तासाला तीन लिटर. दिवसाला 72 लिटर. वर्षाला 26 हजार लिटरच्या वर. आकडा मोठा, तक्त्यावर लाल अक्षरात लिहिलेला. पाहणारा थांबलाच पाहिजे.

खरं असं होतं: शाळेची टाकी सकाळी दहाला भरतात आणि पाच वाजेपर्यंत ती रिकामी होते. रात्री गळायला पाणीच नसतं. म्हणून खरा हिशोब सात तासांचा. 21 लिटर. हे त्याच मुलीनं शोधलं होतं, कारण तिचं घर शाळेला लागून आहे आणि ती संध्याकाळी मुद्दाम नळ पाहायला गेली होती. तिनं जाऊन सांगितलं, तर उत्तर मिळालं की 72 च राहू दे, 21 म्हणजे काहीच वाटत नाही.

मला विचाराल तर अख्ख्या वहीत विज्ञान कुठं असेल तर ते त्या 21 मध्ये होतं. पुस्तकी गुणाकार कुणीही करतो. संध्याकाळी परत जाऊन "पण रात्री तं टाकीच रिकामी राह्यते" हे पाहणारं पोर वेगळं. आणि तेच नेमकं वहीत आलं नाही.

नळ दुरुस्त का नाही केला, विचारलं. म्हणे, ग्रामपंचायतीला अर्ज दिला होता. "पाहतो" म्हणाले. मुलांनी मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तोटीला आवळून बांधली. आठ दिवस टिकली, मग सुटली. पुन्हा बांधली. अर्जाचं काय झालं हे वहीत नाही. तिथं लिहिलंय, 'ग्रामपंचायतीचे मोलाचे सहकार्य लाभले.'

शोषखड्ड्याचं तसंच. फोटो छान आहे, चार पोरं फावडं-टिकास घेऊन उभी. पण आपली जमीन काळी. काळी माती पाऊस पडला की फुगते, तिच्या भेगा बंद होतात आणि वरचं पाणी खाली जायला वाट राहत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय शोषखड्डा शोषत नाही. हे आपल्याकडच्या कुठल्याही विहीर खोदणाऱ्याला विचारा. मुलांनी पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे तीन फूट खोदून दगड-विटा भरल्या. एक मुलगा सांगत होता, "पाणी मुरलंच नाही सर. दोन हप्ते तसंच साचून राह्यलं. मंग मच्छर झाले. मंग हेडसर म्हणे बुजवा." बुजवला. वहीत मात्र 'शोषखड्ड्यामुळे भूजल पातळीत वाढ होण्यास मदत झाली' असं सुंदर अक्षरात आहे.

आणि झाडं. चाळीस लावली, अकरा जगली. बाकीच्यांचं काय झालं? "बकऱ्यायनं खाल्ले. काही उन्हानं गेले." विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे ज्या मे-जूनमध्ये रोपाला पाणी हवं, नेमकी तेव्हा शाळेला दोन महिने कुलूप. पाळ्या लावल्या होत्या. पण पाळी पाळली कुणी? जवळ राहणाऱ्या दोन मुलींनी. घरचं पाणी भरून झाल्यावर, डोक्यावर एक गुंड शाळेसाठी. गटात मुलं तीन होती. फोटोत पुढं तेच आहेत.

हे सगळं पोरं मोकळेपणानं सांगत होती. हसत, एकमेकांना टोकत. पण सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी आली. वहीत गटाची नावं पाच होती. मागच्या वर्षी सहा होती. सहावा मुलगा दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गेला आणि परत शाळेत आला नाही. आता नवीन वहीत त्याचं नाव घ्यायचं नाही, कारण तो पटावर नाही. ती मुलगी म्हणाली, "चाळीसातले तीस खड्डे तं त्यानंच खंदले व्हते सर. मंग त्याचं नाव काऊन काढाव?"

मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात बाहेरून हाक आली, पाहुणे आले म्हणून.

बाहेर आलो. वृक्षारोपण झालं. ज्या खड्ड्यात रोप लावलं, तो मागच्या वर्षीचाच खड्डा होता. हे मला आत वर्गात बसलो नसतो तर कळलंच नसतं. मी फोटो काढला.

आता माझ्याबद्दल बोलतो, कारण दुसऱ्याला बोट दाखवणं सोपं असतं.

पत्रकारितेची पदविका घेऊन मी या धंद्यात आलो तेव्हा शिकवलं होतं की बातमी म्हणजे काय घडलं ते. आज मागं वळून पाहतो तर मी दरवर्षी जुलैमध्ये काय घडणार आहे ते छापलंय. 'विद्यार्थ्यांनी दिला पर्यावरण संवर्धनाचा संदेश.' 'चिमुकल्यांनी घेतली वृक्षसंगोपनाची शपथ.' ही शीर्षकं मला झोपेत लिहिता येतात. एकदाही पुढच्या मार्चमध्ये मोटारसायकल काढून पाहायला गेलो नाही की त्या शपथेचं काय झालं. मार्चमध्ये मार्चच्या बातम्या असतात. शिक्षकांना आकडा वर पाठवायचा असतो, मला पान भरायचं असतं, पाहुण्यांना कात्रण हवं असतं. आम्हा तिघांचं व्यवस्थित चालतं. मधल्या मध्ये पोरं शिकतात की वहीत एक लिहायचं आणि आवारात दुसरं असतं. पंधराव्या वर्षी! मग हीच पोरं मोठी होऊन कुठल्या तरी कार्यालयात बसतात आणि 'काम पूर्ण' असा शेरा मारतात, तेव्हा आपण अग्रलेख लिहितो.

आपण मुलांना पर्यावरण शिकवायचं म्हणून कमी योजना केल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शाळेत शिकवा असं सांगितलं. 2001-02 मध्ये राष्ट्रीय हरित सेना आली, शाळाशाळांत इको क्लब झाले. मग महाराष्ट्राची मोठी वृक्षलागवड. 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटींचं उद्दिष्ट. 2020 च्या 2 ऑक्टोबरला 'माझी वसुंधरा'. त्याच वर्षी जलसुरक्षा विषय. 2022 मध्ये केंद्राचं मिशन लाइफ. 2024 च्या सुरुवातीला 'मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा', आणि त्याच वर्षी 5 जूनला 'एक पेड माँ के नाम'. त्यात रोपासोबत फोटो काढून पोर्टलवर टाकला की प्रमाणपत्र मिळतं. शिवाय पोषण आहाराच्या परसबागांच्या स्पर्धा वेगळ्या.

यातली कुठलीही योजना वाईट नाही. मी स्वतः काही शाळांतल्या परसबागा पाहिल्यात, पोरं तिथली मेथी-पालक खिचडीत खातात, लय भारी वाटतं. अडचण एकच आहे. बहुतेक ठिकाणी मोजणी सुरुवातीलाच होते. किती लावली ते विचारतात, फोटो मागतात. दोन वर्षांनी किती जगली, हे कुणी त्याच उत्साहानं विचारत नाही. 33 कोटींच्या लागवडीचं शेवटी काय झालं? 2021 मध्ये त्याची चौकशी करायला विधिमंडळ सदस्यांची समिती नेमायची वेळ आली. राजकारण दोन्ही बाजूंनी झालं, त्यात मला पडायचं नाही. पण जर पहिल्या दिवसापासून 'मेलेली किती' हा रकाना फॉर्ममध्ये असता आणि तो भरणाऱ्याला कुणी झापलं नसतं, तर समिती लागली असती का?

आणि शिक्षकांची बाजूही समजून घ्या. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, आधार, शिष्यवृत्ती, पोषण आहाराचा हिशोब. त्यात वरून फोन येतो, "आज संध्याकाळपर्यंत फोटो अपलोड करा." अशा माणसानं 'अकरा जगली' असं कशाला लिहावं? लिहिलं तर पहिला प्रश्न येणार, बाकीची का मेली, जबाबदार कोण? चाळीस लिहिलं तर काहीच प्रश्न नाही. मीही त्यांच्या जागी असतो तर चाळीसच लिहिलं असतं. पोरांना खोटं लिहायला कुणी उठून सांगत नाही. ते आपोआप होतं.

आता तुम्ही म्हणाल, एका शाळेच्या वहीवर एवढं काय रडतोस. वाशीममध्ये याचं मोल वेगळं आहे, म्हणून.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. काटेपूर्णा आपल्या जिल्ह्यातून निघते आणि उत्तरेला अकोल्याकडे जाते. महानच्या धरणातून अकोला शहर तिचं पाणी पितं. ते पाणी पुढं पूर्णा, तापीकडे. अरुणावतीही आपल्याच जिल्ह्यात उगम पावते, पण ती पैनगंगेकडे, म्हणजे शेवटी गोदावरीकडे. आपण माथ्यावर बसलोय. पाऊस पडतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. खाली काळा खडक, त्यात पाणी साठायला जागा कमी. वरची माती काळी, ती मुरू देत नाही. पाऊस चार महिने, त्यातही चार-सहा मोठ्या पावसांत अर्धंअधिक पाणी वाहून जातं. खरिपात सोयाबीन कसंबसं निघतं आणि रब्बीला विहिरीत डोकावून पाहावं लागतं. शहरात राहणाऱ्यांना एकबुर्जी धरणाचा साठा किती उरला हे उन्हाळ्यात पेपरात रोज वाचायची सवय आहे. 2018 मध्ये केंद्रानं देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात आपलं नाव आहे. म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांत.

अशा ठिकाणी पंधरा वर्षांच्या पोरांना कळलं की पुस्तकातला शोषखड्डा आपल्या मातीत तीन फुटांवर चालत नाही. ही किती मोठी माहिती आहे! पुस्तक सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच. कोकणातल्या जांभ्या दगडाला आणि आमच्या काळ्या मातीला एक आकृती कशी चालेल? पण हे कुणी लिहिलंच नाही, तर पुढच्या वर्षीचा नववीचा गट त्याच जागी तीन फूटच खोदणार, पुन्हा मच्छर होणार, पुन्हा बुजवणार आणि पुन्हा 'भूजल पातळीत वाढ' लिहिणार.

जी अकरा झाडं जगली ती कुठली हे मी नंतर मुलांनाच विचारलं. सहा हात धुण्याच्या पाण्याच्या वाटेवर होती. पाच दोघी मुलींच्या घराच्या बाजूची, ज्यांना त्यांनी बोराटीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं. रस्त्याच्या कडेची सगळी गेली. म्हणजे पुढच्या वर्षी चाळीस रोपं लावायची गरजच नाही. पाण्याच्या वाटेवर पंधरा लावा, काटे लावा, बस. कुणाला मोठा अभ्यास करायला नको, बाहेरून तज्ज्ञ आणायला नको. सगळं ज्ञान त्या सतरंजीवर बसलं होतं. फक्त वहीत घ्यायला मनाई होती.

काही जण म्हणतील, पोरांना अपयश लिहायला लावलं तर त्यांचा हिरमोड होईल. मला उलटा अनुभव आला. नळाचा 72 चा तक्ता दाखवताना ती मुलगी पाठ केल्यासारखी बोलत होती. 21 चं सांगताना डोळे चमकत होते. ते तिचं स्वतःचं होतं.

आणि हे काही मी नवीन सांगत नाही. गांधीजींनी 1937 मध्ये इथून जवळच, वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली आणि नई तालीम मांडली. हातानं काम करत शिकायचं. हातानं काम केलं की ते बिघडतं, आणि बिघडलेलं लपवता येत नाही. सूत तुटलं तर तुटलेलं दिसतं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993 पासून देशभर भरते. तिथं मुलं आपल्याच परिसरातला प्रश्न घेतात, लोकांना विचारतात, मोजतात आणि मग मांडतात. निष्कर्ष उलटा निघाला तरी तो निष्कर्षच. जपानच्या शाळांत 'हान्सेई' नावाची पद्धत आहे. काम झालं की बसून बोलायचं, काय कमी पडलं, पुढच्या वेळी काय बदलू. काम चांगलं झालं तरी बसायचं. आपल्याकडे काम झालं की आभारप्रदर्शन.

आपल्या जिल्ह्यानं खरं मोजण्याची चव चाखलेली आहे. 2017 मध्ये कारंजा तालुका पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये उतरला होता. ज्यांनी तेव्हा भर उन्हात श्रमदान केलं त्यांना आठवत असेल, तिथं भाषणाला गुण नव्हते. चर किती खोदले, किती लांब, किती खोल, हे टेप लावून पाहत. गावातली पोरं टेपचं दुसरं टोक धरायची. त्या पोरांना कुणी विचारलं नाही की खरं सांगू का चांगलं. टेप जे सांगेल ते.

मग करायचं काय? मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण चार गोष्टी सुचतात. यातल्या एकीलाही निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही.

एक. प्रत्येक प्रकल्पवहीत एक पान ठेवा: 'काय जमलं नाही आणि का'. हे पान कोरं असेल तर श्रेणी कमी. भरलेलं असेल तर श्रेणी जास्त. जिल्ह्यातल्या प्रदर्शनात परीक्षकांनी आधी हे पान उघडावं. शिक्षणाधिकारी साहेबांच्या मित्रयादीत ही पोस्ट पोचली तर विनंती आहे, हे एक पत्रक काढाच.

दोन. जुलैत नवीन खड्डा खोदायच्या आधी मागच्या वर्षीची रोपं मुलांकडून मोजून घ्या. जिवंत किती, मेलेली किती, कुठली, कशानं. मग ठरवा नवीन किती आणि कुठं लावायची. आणि उन्हाळ्याच्या पाण्याच्या पाळ्या मुलांच्या आणि मुलींच्या सारख्या लावा. घरचं पाणी मुलींनी भरायचं आणि पर्यावरणाचंही मुलींनीच भरायचं, असं नको.

तीन. ते पान ग्रामसभेत वाचून दाखवा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, चार ग्रामसभा होतात. 15 ऑगस्ट जवळ आलाय. शाळेतली एक मुलगी उभी राहून म्हणाली की आम्ही नळासाठी अर्ज दिला होता, त्याचं काय झालं, तर सरपंच, सचिव काय उत्तर देतील? देतील काहीतरी. नाही दिलं तरी ते गावासमोर होईल. एका तोटीचा खर्च केवढा असतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मुलांच्या अर्जाला उत्तर मिळतं, हे एवढं एक त्यांनी शाळेत शिकलं तरी जलसुरक्षेचा विषय सार्थकी लागला म्हणा.

चार. हे आम्हा पत्रकारांसाठी. मी आज इथं सगळ्यांसमोर लिहून देतो: यापुढं वृक्षारोपणाचा फोटो माझ्याकडे पाठवायचा असेल तर सोबत मागच्या वर्षी लावलेल्या रोपांचा आजचा फोटो पाठवा. नसेल तर बातमी लागणार नाही. काही जण नाराज होतील, जाहिरातीवर परिणाम होईल, संपादकांचा फोन येईल. येऊ दे. आणि ज्या शाळेनं लिहिलं की चाळीसातली अकराच जगली, तिची बातमी मी सगळ्यात वर लावीन. जिल्ह्यातल्या बाकी पत्रकार मित्रांनो, तुम्हीही ठरवा. एकट्यानं केलं तर मी विक्षिप्त ठरेन, दहा जणांनी केलं तर पद्धत पडेल.

राहिला तो सहावा मुलगा. त्याच्या नावाचं काय करायचं हे मला माझ्या चार सूचनांत बसवता येत नाही. शोषखड्डा मुरमापर्यंत खोदला, झाडं जगवली, नळ बसवला, तरी दिवाळीनंतर आपल्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून मुलं जाणारच, जोवर इथल्या शेतात त्यांच्या आईबापांना काम नाही. आणि काम नाही, कारण रब्बीला पाणी नाही. म्हणजे ज्या विषयाचा तो प्रकल्प होता, त्याच विषयानं तो मुलगा गटातून नेला. हे गटातल्या बाकी पाचांना कळलंय की नाही मला माहीत नाही. पण 'शाश्वत विकास' असं वहीच्या मुखपृष्ठावर लिहायचं आणि खड्डे खोदणाऱ्याचं नाव आतून खोडायचं, हे नको. पटावर असो नसो, वहीत त्याचं नाव राहिलं पाहिजे. किमान तेवढं तरी.

निघताना त्या सरांशी बोललो. भीतभीतच म्हटलं, सर, पोरांना खरं लिहू द्या ना. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही छापता का खरं?"

बरोबर विचारलं त्यांनी.

मी गाडीला किक मारत होतो तेव्हा ती मुलगी धावत आली. वहीचं पान दाखवलं. वर 72 तसंच होतं, प्रदर्शनाचा तक्ता आधीच रंगवून झाला होता. पण 'अनुभव व निष्कर्ष' खाली पहिली ओळ लिहिली होती की टाकी रात्री रिकामी असते म्हणून खरा आकडा 21 लिटर आहे. पुढचं पान अजून कोरं होतं. म्हणाली, "बाकीचं घरी लिवतो सर. मंग तुमी पेपरात द्याल का?"

हो म्हणालोय.

तुमच्या गावच्या शाळेत मागच्या वर्षी किती झाडं लावली आणि आज किती उभी आहेत? उद्या सकाळी फिरायला जाताना मोजून या आणि खाली कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. आकडा तेवढा खरा लिहा.